हिमदृश्याची फुलीची कशिदाकारी : शनिवारी येण्याआधी

सभासदांनो, येत्या शनिवारपासून आपण हिवाळ्याचं चित्र भरायला घेतोय. नमुना १४० बाय ९८ फुल्यांचा आहे. १४ काउंट आयदावर (म्हणजे इंचाला १४ चौकड्या असलेल्या भरतकामाच्या कापडावर) तो १० बाय ७ इंच भरतो. चारी बाजूंनी ३ इंच सोडून कापड १६ बाय १३ इंच आणा. शक्यतो फिक्कं निळं आणा. पांढऱ्या कापडावर पांढरा बर्फ भरणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा, शिवाय दिसत काहीच नाही.

दोऱ्यांचं नीट वाचा. डीएमसी या दोऱ्यांच्या कंपनीचा बी५२०० क्रमांकाचा दोरा लख्ख पांढरा, तर ३८६५ किंचित उबदार. उन्हातल्या बर्फाला पहिला घ्या. सावलीला मात्र पांढरा नकोच, फिकट निळा-करडा लागतो. बर्फाला उंचवटा येतो तो त्या सावलीमुळेच. फुलीला दोऱ्याचे दोन पदर, धुक्याला एकाच पदराचा अर्धा टाका, म्हणजे फुलीची एकच तिरकी रेघ.

आता माझी फजिती. मागच्या वेळी देवदाराचा गडद हिरवा दोरा मागून तसाच ओढत पुढच्या झाडावर नेला. पुढून बर्फात करडी रेघ उमटली आणि अख्खी ओळ उसवावी लागली. तेव्हा गडद दोरा प्रत्येक झाडाशी संपवा, कापा.

फुलीतला वरचा तिरका टाका सगळीकडे एकाच दिशेला हवा. निष्पर्ण फांद्यांचा बॅकस्टिच (सलग रेघेचा टाका) आणि पडत्या बर्फाच्या गाठी अगदी शेवटी. गाठी आधी घातल्या तर कापड ताणून धरणाऱ्या रिंगमध्ये चेपतात.

बोथट सुई विसरू नका. हात धुऊन बसा, क्रीम लावून नको.