चेरी टोमॅटोच्या पाकिटात दुसऱ्याच जातीचं बी निघाल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नाशिक, 8 डिसेंबर 2025

महोदय,

स. न. वि. वि.

जुलैमध्ये मी तुमच्या कंपनीची केशरी चेरी टोमॅटोच्या बियाण्याची दोन पाकिटं इथल्या दुकानातून घेतली. एका पाकिटात 20 बिया, किंमत 149 रुपये. पाकिटावर छापलं आहे : संकरित, अमर्याद वाढणारी जात, फळ 12 ते 15 ग्रॅमचं, चवीला अतिशय गोड. प्रत्यक्षात निघालं ते भाजीचं टोमॅटो, तेही बुटक्या जातीचं. बिल, पाकिटाच्या दोन्ही बाजू आणि लॉट नंबर यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

उगवणीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. 17 ऑगस्टला ट्रेमध्ये कोकोपीट भरून 34 बिया टोकल्या, आठवड्यात 31 उगवल्या. चार आठवड्यांनी नऊ रोपं मी ठेवली आणि 22 आमच्या सोसायटीतल्या सात घरांत दिली. त्यातल्या तीन घरांनी याआधी कुंडीत तुळशीशिवाय काही लावलेलं नव्हतं. मुलं येता-जाता तोडून तोंडात टाकतील असं फळ आहे, हे मीच त्यांना सांगितलं होतं, पाकिटावर विश्वास ठेवून.

माझ्या गच्चीवर मी सात फुटांवर तार ओढून घेतली आणि प्रत्येक रोपाला सुतळी सोडली, कारण ही जात डोक्याच्या वर जाते. माती, गांडूळ खत आणि निंबोळी पेंड घालून मोठ्या पिशव्या भरल्या. दर रविवारी बगलेतली (पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारी) फूट खुडत होते. अमर्याद वाढणाऱ्या जातीला एकच खोड ठेवायचं तर ती खुडावीच लागते. बुटक्या जातीत मात्र बरंचसं फळ त्या फुटींवरच धरतं. म्हणजे तुम्ही छापलेल्या दोन शब्दांवर विसंबून मी महिनाभर माझ्याच हातानं पीक खुडून टाकत होते. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर शंका आली. वर वाढत जाणाऱ्या टोमॅटोला साधारण तीन पानांआड घोस येतो आणि शेंडा पुढे चालू राहतो. इथे एक-दोन पानांआडच घोस दिसायला लागले. मग तीन फुटांवर शेंड्यालाच फुलं आली आणि रोप तिथेच थांबलं. घोसात पाच-सहा फुलं, तर चेरीच्या घोसात पंधरा सहज भरतात. तरीही मी वाट पाहिली. 22 नोव्हेंबरला पहिलं फळ पिकलं : लाल, लंबगोल, जाड सालीचं. घरच्या वजनकाट्यावर 78 ग्रॅम भरलं. माझा भाऊ ओझरला द्राक्षं पिकवतो, त्याच्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसाची गोडी मोजायच्या उपकरणावर, रस टाकून पाहिला, तर गोडी 4.2 ब्रिक्स आली. चांगलं चेरी टोमॅटो 8 च्या आसपास जातं. असं जाड सालीचं, दूरच्या प्रवासाला टिकणारं टोमॅटो पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटच्या क्रेट मिळतं. त्यासाठी मी गच्चीवर तार ओढली नव्हती.

29 नोव्हेंबरला तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. शेजारच्या टोमॅटोचा पराग लागल्यामुळे फळ बदललं असेल, असं उत्तर मिळालं. हे उत्तर चुकीचं आहे आणि ते कुणालाही देऊ नये अशी माझी विनंती आहे. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं फळतं. बाहेरचा पराग लागलाच, तरी फरक फळातल्या बियांत पडतो आणि तो पुढच्या पिढीत दिसतो. या फळाचा आकार, रंग, साल सगळं रोपाचं स्वतःचं असतं. रोपाची उंची तर परागानं बदलूच शकत नाही. शिवाय आठ घरांत, वेगवेगळ्या मातीत, 31 पैकी एकाही रोपाला चेरी लागलं नाही. एखादी बी चुकून मिसळली असती तर मी समजून घेतलं असतं. इथे दोन्ही पाकिटांत सरसकट दुसरीच जात भरली गेली आहे.

त्या फोनवर मला बदली पाकीट देऊ केलं गेलं. पण आता पेरलं तर फळधारणा मार्च-एप्रिलात येईल. आमच्याकडे तेव्हा पारा 35 अंशांच्या वर असतो आणि टोमॅटोची फुलं गळतात. हा हंगाम गेला, तो पाकिटानं परत येत नाही.

म्हणून माझं मागणं असं. या लॉटची तपासणी करा आणि तो सदोष निघाल्यास दुकानांतून परत मागवा, म्हणजे निदान पुढच्या पावसाळ्यात कुणी तो पेरणार नाही. ज्या दुकानातून मी बी घेतलं तिथे या लॉटची पाकिटं गेल्या आठवड्यातही टांगलेली होती. चूक कुठे झाली ते मला लेखी कळवा. दोन पाकिटांचे 298 रुपये परत करा आणि जूनच्या आत खात्रीचं बी माझ्यासकट आठही घरांना पाठवा. न पेरलेल्या सहा बिया मी पाकिटातच जपून ठेवल्या आहेत. तुमचा प्रतिनिधी आला तर त्यातल्या तीन देईन, तीन माझ्याकडे राहतील. रोपंही अजून उभी आहेत, येऊन पाहावीत.

30 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत : बिल, पाकीट, रोपं आणि वजनकाट्यावरचं फळ यांचे फोटो