सात चादरी आणि एक कात्री

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाझातल्या एका विस्थापित कुटुंबाचं मदतीचं आवाहन आपण छापलंत आणि पाठोपाठ त्यावर एका वाचकाचं पत्रही. ‘ही माणसं पैसेच का मागतात? भुकेल्याने अन्न मागावं, उघड्याने कपडा,’ असा त्या पत्राचा सूर होता. वाचून राग आला नाही, हसू आलं. १९९० साली आम्ही कुवेतहून असेच विस्थापित होऊन परत आलो, तेव्हा लोकांनी आम्हाला चादरी दिल्या होत्या. एकूण सात. सोलापुरात, सप्टेंबरच्या उकाड्यात, चादरी!

२ ऑगस्ट १९९०, गुरुवार. पहाटे इराकी फौज कुवेतमध्ये शिरली तेव्हा आम्ही तिघं सालमियात राहत होतो. आमचे हे एका कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर, मी घरी शिलाई करायची, मुलगी तिसरीत. पाच आठवडे दार लावून काढले. मग बसने बसरा, बगदाद आणि पुढे जॉर्डनच्या सरहद्दीवरचं वाळवंट. तिथे तंबू आणि पाण्याच्या टँकरमागची रांग. तपासणीत एका शिपायाने माझी कापड बेतायची मोठी कात्री काढून घेतली. हातातल्या बांगड्या राहिल्या, कात्री गेली. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईत उतरलो. त्या दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या करून लाखाहून अधिक भारतीयांना आणलं गेलं, हे पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं. तेव्हा आम्हाला आमच्या तीन सीट तेवढ्या दिसत होत्या.

साखर पेठेत सासऱ्यांच्या दोन खोल्या होत्या, त्यात आधीच सहा माणसं. त्यात आम्ही. गल्लीतल्यांनी ज्वारी दिली, जुन्या साड्या दिल्या, एकाने चांगला चालणारा स्टोव्ह दिला. त्यांना नावं ठेवत नाही, त्या ज्वारीच्या भाकरी आम्ही खाल्ल्या आहेत. पण रॉकेल आणायचं, मुलीला वह्या घ्यायच्या, सासऱ्यांची गोळी आणायची, त्याला चादर चालत नाही. यांच्या खिशात कुवेती दिनार होते. ते बघायला म्हणून सगळे हातात घेत, बदलून मात्र कुणी देत नव्हतं. शेवटी मी दोन चादरी गुपचूप अर्ध्या किमतीला विकल्या. देणाऱ्यांना कळलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

मुलीच्या शाळेचं तर विचारूच नका. ‘आधीच्या शाळेचा दाखला आणा.’ ती शाळा उघडी आहे की तिथे रणगाडा उभा आहे, हेच आम्हाला माहीत नव्हतं. दिवाळीपर्यंत पोर घरी बसून होती. आता शिक्षण हक्क कायदा आहे, दाखल्याला उशीर झाला म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाचा सरकारी किंवा अनुदानित शाळेतला प्रवेश अडवता येत नाही. आखातातून असं अचानक परतावं लागलेल्या पालकांनी हे लक्षात ठेवावं आणि शाळेत ठणकावून सांगावं.

आमचं घर सावरलं ते मागच्या बोळातल्या अक्कांमुळे. त्या पद्मशाली, मराठी बोलताना मध्येच तेलुगूत शिरायच्या. घरात शाळेच्या गणवेशांचं जॉबवर्क चालायचं, खाकी चड्ड्या आणि पांढरे शर्ट, डझनावारी. त्या आल्या, चादरीच्या घडीकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, ‘वैनी, तिकडं काय काम करत होता?’ त्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला दुसऱ्या कुणीच विचारला नव्हता. सगळे विचारायचे ते सद्दाम, बॉम्ब आणि सोनं आणलं का, एवढंच. दुसऱ्या दिवशी अक्कांनी त्यांची स्वतःची कात्री माझ्या हातात ठेवली. शिलाई करणारं माणूस आपली कात्री दुसऱ्याला देत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याची किंमत कळेल. चार दिवसांनी पायमशीन आलं, वर शंभर रुपये उचल. उचल कामातून फिटली, मशीनचे पैसे फिटायला वर्ष लागलं.

आता पैशांबद्दल. आमच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली भरपाई आयोग नेमला होता. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातला वाटा कापून ५२.४ अब्ज डॉलर दिले गेले, शेवटचा हप्ता २०२२ मध्ये. आमच्यासारख्या कुटुंबांचे दावे आधी निकालात काढले, तरी रक्कम हातात पडेपर्यंत कित्येक वर्षं गेली. मधली सगळी वर्षं त्या पायमशीनवर निघाली. गाझातल्या माणसाला असा आयोग नाही आणि तेलही नाही. तिथल्या एकवीस लाख लोकांपैकी सुमारे एकोणीस लाख घराबाहेर पडले, काही जण दहा-दहा वेळा. बँका बंद पडल्या, नव्या नोटा आत येईनात आणि खात्यातले पैसे रोख करायला दलाल चाळीस टक्क्यांपर्यंत कापून घेऊ लागले, हे वाचताना मला आमचे दिनार आठवले. म्हणून तर युनिसेफने तिथल्या कुटुंबांना थेट मोबाइल वॉलेटमध्ये पैसे दिले. पीठ घ्यायचं की लेकराचं औषध, हे त्या घरातल्या बाईला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

त्या वाचकांचं एक म्हणणं मला मान्य आहे. अनोळखी लिंकवर पैसे टाकू नयेत. फसवणूक होते, आमच्याच इमारतीत झाली आहे. द्यायचे तर युनिसेफ, रेडक्रॉस अशा माहितीतल्या संस्थांकडे द्यावेत.

संपादकसाहेब, आपल्याबद्दल मात्र एक तक्रार आहे. आपण छापलेल्या त्या आवाहनात पडलेलं घर होतं, तंबू होता, पाच मुलं होती, रडणारी आई होती. कुटुंबातला बाप सुतार आहे, हे अगदी शेवटच्या ओळीत, तेही कंसात. पुढच्या वेळी तो सुतार आहे हे पहिल्या ओळीत छापा आणि रंधा, करवत, पटाशी यातलं त्याच्याकडे काय उरलंय, तेही विचारून घ्या.

आपली,
एक वाचक, दत्त नगर, सोलापूर
(नाव छापू नये, ही विनंती. चादरी देणारे काही जण अजून गल्लीत आहेत.)