पीएम रिपोर्ट वाचल्यावर

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, शेजारच्या काकांच्या लेकीचा तुम्ही पाठवलेला पीएम, म्हणजे शवविच्छेदनाचा, रिपोर्ट वाचला. 'गळफासाने श्वास कोंडून मृत्यू' हे वाचून काका खचलेत, आत्महत्या ठरली म्हणजे सासरचे सुटले असं त्यांच्या मनाने घेतलंय. तसं नाही, हे आजच जाऊन त्यांना सांगा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 80 ला, म्हणजे जुन्या 304-ब ला, खून सिद्ध व्हावा लागत नाही. लग्नापासून सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू, आणि त्याच्या थोडं आधी हुंड्यापायी छळ, एवढं पुरतं. छळाला कंटाळून तिने स्वतः फास घेतला असला तरी तो हुंडाबळीच. शिक्षा किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत.

डॉक्टरांनी काम चोख केलंय. वण कंठमण्याच्या वर, तिरका, गाठीच्या बाजूला चढत जाऊन तुटलेला. कुणी आवळलं असतं तर तो बहुधा खाली, आडवा आणि सलग दिसला असता. काकांच्या संशयाला या कागदात तरी आधार नाही. पोटात गुंगीचं किंवा विषारी काही होतं का, ते व्हिसेराच्या, म्हणजे तपासणीला पाठवलेल्या आतल्या अवयवांच्या, अहवालातून कळेल. पण ती कशाने गेली एवढंच डॉक्टर सांगणार. घरात तिला काय ऐकून घ्यावं लागत होतं, ते शवविच्छेदनात कुठून दिसणार?

ते आई, तुला माहीत आहे. दिवाळीनंतर 'गाडीचे पैसे आणल्याशिवाय येऊ नकोस म्हणतात' असं ती तुला फोनवर म्हणाली होती ना? मेलेल्या माणसाने आपल्या मृत्यूमागच्या परिस्थितीबद्दल सांगितलेलं कोर्टात चालतं. हुंड्यापायी छळ शाबीत झाला की भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 118 नुसार कोर्टाला हुंडाबळी गृहीत धरावाच लागतो, मग खोडून काढायचं काम आरोपींचं. मात्र पहिली पायरी आपण चढायची. 'थोडं आधी' म्हणजे आदल्याच दिवशी असं नाही. छळ आणि मृत्यू यांच्यात जिवंत दुवा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सतबीर सिंग प्रकरणात सांगितलंय. म्हणून लग्नातल्या मानपानाच्या रुसव्यांपेक्षा दिवाळीनंतरच्या त्या फोनला वजन.

बचावाचे वकील 1984 चा सारडा निकाल काढतील. पुण्यातली सायनाईडने गेलेली विवाहिता, तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं. कोर्टाने पत्रं पुराव्यात घेतली, तरी परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पुरी होईना, म्हणून नवरा सुटला. पण तो खुनाचा खटला होता, आणि 304-ब कायद्यात आलं तेच मुळी 1986 मध्ये.

आई, पोलीस जबाब घ्यायला आले की जेवढं ऐकलंस तेवढंच सांग. 'मारत होते' असं ती बोलली नसेल तर तू बोलू नकोस. आणि खरं असलेलं काही राहूनही जाऊ देऊ नकोस, कारण जबाबात नसलेलं साक्षीत आलं की उलटतपासणीत त्याचंच ऑमिशन करतात, म्हणजे 'हे आधी सांगितलं नव्हतं' असं दाखवून साक्ष खोटी पाडतात. रागाच्या भरात चार वाक्यं वाढवणाऱ्या नातेवाइकांमुळे चांगल्या केसेस पडताना मी पाहिल्यात. त्या माणसांचा राग येतो आणि कीवही.

बाबा, काकांना तो जुना फोन विकू देऊ नका, रीसेटही नको. तिचे मेसेज त्यात आहेत, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. जावयासाठी एफडी मोडली होती त्याची बँकेची नोंदही काढून ठेवायला सांगा. रविवारी फोन करते, तेव्हा काकांना जवळ बसवा.

तुमची,
वैशू