न वाजवता, तुमच्या शब्दावर घेतलेल्या मँडोलिनबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

मागच्या महिन्यात तुमच्या साइटवरून मी माझ्या बाबांसाठी एक मँडोलिन घेतलं, 24,500 रुपयांचं, पावती सोबत जोडलीये. चॅटवर तीनदा आणि फोनवर दोनदा बोलून झालं, दर वेळी नवीन माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं परत सांगायचं, म्हणून आता एकदाच नीट लिहून काढतेय, प्लीज शेवटपर्यंत वाचा.

फोनवर तुमच्या माणसाने मला ऐकवलं की मॅडम, वाद्य हातात घेऊन, वाजवून बघूनच घ्यायचं असतं. अहो, तसंच घ्यायचं होतं ना. दोन शनिवार धोबी तलावला घातले मी. भिंतभर गिटारी, मँडोलिन एखाद-दुसरं, तेही मागे कुठेतरी टांगलेलं आणि तारा गंजलेल्या. एका दुकानात म्हणाले ऑर्डर द्या, मागवून देतो, म्हणजे तिथेही न वाजवताच घ्यायचं. बाबा 71 वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना लोकलने तिथवर नेणं जमलं नाही. मग ऑनलाइन घ्यायचं ठरलं, पण डोळे झाकून नाही घेतलं. ऑर्डर करायच्या आधी तुमच्या चॅटवर मी तीन गोष्टी विचारल्या होत्या: वरची पाटी सॉलिड लाकडाची आहे का, पाठवायच्या आधी सेटअप करता का, म्हणजे तारांची उंची वगैरे नीट करून वाद्य वाजवण्याजोगं करता का, आणि बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर) तारा किती उंच आहेत. उत्तरं आली, "हो मॅडम, सॉलिड स्प्रूस", "हो, सेटअप करूनच पाठवतो", "दोन मिलिमीटरच्या आत". स्क्रीनशॉट जोडलेत. दुसऱ्या साइटवर यापेक्षा देखणं एक होतं आणि चार हजारांनी स्वस्त, ते सोडून तुमचं घेतलं ते फक्त या तीन उत्तरांवर.

बाबांचं जुनं मँडोलिन 26 जुलै 2005 च्या पाण्यात गेलं. आम्ही तेव्हा कुर्ल्याला तळमजल्यावर राहायचो, रात्रभर ते पाण्यात राहिलं आणि वाळल्यावर सगळे सांधे उकलले. त्यानंतर घर, माझं शिक्षण, आईचं आजारपण, यात परत घेणं राहूनच गेलं. म्हणून हा खोका घरी आला तेव्हा काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा.

बाबांनी आठही तारा जुळवल्या, अर्धा तास लावून, एकेक जोडी कानाला लावून. मोकळ्या तारा छान लागल्या. पण पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलं की सूर चढा. बाराव्या फ्रेटवर मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात यायला हवा, तोही चढाच, ट्यूनर लावून बघितलं. मँडोलिनची घोडी, म्हणजे पाटीवर तारा उचलून धरणारा तुकडा, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते, प्रवासात सरकली असेल म्हणून बाबांनी ती हळूहळू मागे सरकवली, बारावा फ्रेट बराचसा जुळला, पहिला मात्र तसाच. शेवटी दादरच्या एका कारागिराला दाखवलं. त्याने पाच मिनिटांत सांगितलं की नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा खोलच केलेल्या नाहीत, तार फ्रेटपर्यंत दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो, घोडी कितीही सरकवा, हे जाणार नाही. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची त्याने मोजली, 3 मिलिमीटर. म्हणजे सेटअप झालेलाच नव्हता. बाबांना संगीतकार सज्जाद हुसेन यांच्यासारखी मँडोलिनवर मींड काढायचं, म्हणजे तार ओढून सूर सरकवायचं, पहिल्यापासून वेड, आणि या उंचीवर जोडीच्या दोन तारा एकदम ओढायच्या म्हणजे बोटाची कातडी निघते, दुसऱ्या दिवशी तर्जनीला पट्टी बांधून बसले होते.

त्याच कारागिराने मोबाइलचा टॉर्च लावून एफ-होलची, म्हणजे वरच्या पाटीतल्या f आकाराच्या भोकाची, कड दाखवली. सॉलिड लाकूड असतं तर वरच्या रेषा कडेवरून तशाच आत उतरताना दिसतात. इथे वेफर बिस्किटासारखे तीन थर, मधला आडवा. हे लॅमिनेट आहे. लॅमिनेट वाईट असं माझं म्हणणं नाही, मुंबईच्या दमट हवेत ते उलट जास्त तग धरतं, पण आवाज सॉलिडसारखा मोकळा होत नाही आणि किंमतही बरीच कमी असते. मग तसं सांगून त्या किमतीत विका ना.

तुमचं म्हणणं, वाद्य वाजवलंय म्हणून रिटर्न बसत नाही. वाजवल्याशिवाय ते बेसूर आहे हे कळणार कसं? आणि 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा सांगितल्यापेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पहिल्या तक्रारीला आज 19 दिवस झाले, पोच नाही.

मला पूर्ण पैसे परत हवेत, नेण्याचा खर्च तुमचा. सेटअपचे पैसे देतो, ठेवून घ्या, असं मागच्या वेळी सुचवलंत, ते नको, नट घासून नीट होईल पण पाटी सॉलिड होणार नाही. आणि साइटवरचं "सॉलिड टॉप" हे आजच काढा, अजून कोणीतरी ते वाचून घेत असेल. महिन्याच्या आत झालं नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवणार आहे.

तारा बाबांनी सैल करून ठेवल्यात, खोका आणि आतलं थर्माकोल जपून ठेवलंय. मी सात वाजता घरी येते, त्यानंतर उचलायला माणूस पाठवा, वजन उचलून बाबांना खाली उतरायला लावू नका.

आपली,
एक ग्राहक, मुलुंड पूर्व