दुसऱ्या राउंडचा दम

प्रिय मित्रा,

तुझा निरोप वाचून आधी हसलो, मग हसल्याचं वाईट वाटलं. रोज आठ किलोमीटर पळणारा तू, आणि बॉक्सिंगच्या स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, दुसऱ्या राउंडला दोरांना टेकून धापा टाकत होतास! वर लिहितोस, ‘माझ्यात दमच नाही, आता बारा किलोमीटर पळणार.’ थांब जरा. बूट घालण्याआधी हे पत्र वाच.

माझ्या पहिल्या स्पारिंगची गोष्ट तुला कधी सांगितली नाही, लाज वाटायची म्हणून. बॅगवर सहा-सहा राउंड मारत होतो, दोरीच्या उड्या चालूच होत्या, छाती फुगवून रिंगमध्ये शिरलो. मिनिटभरात हात शिशाचे झाले. समोरच्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, येताना दिसला की मी दात आवळून श्वास कोंडायचो, आणि स्वतः ठोसा मारतानाही तेच. सर बाहेरून ‘श्वास सोड, श्वास सोड’ म्हणून ओरडत होते. मला वाटलं, समोरच्याला सांगताहेत. मधल्या विश्रांतीत त्यांनी काही शिकवलं नाही. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून खाली दाबले, बस्स. तेव्हा कळलं, खांदे पार कानाला जाऊन भिडले होते.

तुझंही तेच होत असणार, पैज लाव. पळताना वेग तुझ्या हातात असतो, रिंगमध्ये तो समोरचा ठरवतो. त्यात भीती. भीतीने अंग ताठतं, आणि ताठलेला स्नायू काही न करताही ताकद खातो. म्हणून प्रत्येक ठोशाबरोबर नाकातोंडातून छोटासा ‘श्श’ करून श्वास सोड. ठोसा खातानासुद्धा, विशेषतः पोटावर. घरी आरशासमोर शॅडो, म्हणजे हवेत ठोसे मारायचा सराव, करताना आवाज काढून कर, कोणी हसलं तर हसू दे. आणि माउथगार्ड घालूनच बॅग मारत जा. दातांत ते असताना श्वास वेगळाच लागतो, त्याची ओळख स्पारिंगच्या दिवशी व्हायला नको.

१९७४ची किन्शासाची मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमनची लढत आठव. फोरमन काही लेचापेचा गडी नव्हता. पंचवीस वर्षांचा, तोवर एकही लढत न हरलेला. बत्तीस वर्षांचा अली दोरांना टेकून हातांच्या गार्डमागे दडला आणि त्याला मारू दिलं. फोरमन जिवाच्या आकांताने मारत राहिला, मारून मारून रिकामा झाला आणि आठव्या राउंडला आडवा पडला. तू दुसऱ्या राउंडला दमलास, त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस.

तरी छातीचा भाता वाढवायला हवाच, ते मी नाकारत नाही. पण तू रोज एकाच मधल्या वेगाने पळतोस, धड हळू नाही, धड जोरात नाही. आठवड्यातले तीन दिवस इतकं हळू पळ की शेजारी कोणी असेल तर पूर्ण वाक्यं बोलता यावीत. कंटाळवाणं आहे, माहीत आहे. पण दोन राउंडमधल्या त्या एका मिनिटात श्वास जागेवर आणायचं काम हाच पाया करतो. मग एक दिवस ३ मिनिटं जोरात, १ मिनिट चालत, असे चार फेरे. चौथा फेरा पहिल्याइतकाच वेगात झाला पाहिजे. पहिल्यातच ऊर फुटेस्तोवर पळालास तर सगळं पाण्यात. हा दिवस आणि स्पारिंगचा दिवस लागोपाठ ठेवू नकोस.

बॅगवर शेवटची ३० सेकंदं बेभान ठोसे मारायची पद्धत असते ना, ती मला मुळीच पटत नाही. दमल्यावर हात हनुवटीखाली घसरतात आणि तीच सवय अंगात मुरते. त्याऐवजी शेवटच्या मिनिटात कमी मार, पण दर ठोशानंतर हात गालाशी परत आला का ते बघ. घामाचा प्लास्टिकचा सूटही काढून ठेव, त्यानं फक्त पाणी जातं.

आणि खरं म्हणजे स्पारिंगचा दम स्पारिंगनेच येतो, हलक्या. जोडीदाराला आधी सांग, ‘तीस-चाळीस टक्के ताकदीनेच.’ पहिला राउंड दोघांनी नुसता जॅब, दुसरा फक्त अंगावर, डोक्याला हात लावायचा नाही. अंग सैल ठेवायला तिथंच शिकता येतं. सगळं एकदम करू नकोस, सहाएक आठवडे दे.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नकोस. हात वर राहीनासे झाले की राउंड स्वतः थांबव. हेडगार्डमुळे भुवई फुटण्यापासून वाचते, आत मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. नंतर डोकं दुखलं, मळमळलं, तर स्पारिंग बंद आणि आधी डॉक्टर. तिथं मर्दानगी दाखवलीस तर माझ्याशी गाठ आहे.

पुढच्या वेळी कुणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांग, दोन्ही राउंडचा, आवाजासकट. मागे गाणं वगैरे लावून पाठवू नकोस, मला तुझा श्वास ऐकू यायला हवा.

तुझाच,
जुना जोडीदार