दुसऱ्यांच्या गळ्यांतून ऐकलेला जॉन हायट

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर तू बी. बी. किंग आणि एरिक क्लॅप्टन या ब्लूज गिटारवादक-गायकांच्या ‘रायडिंग विथ द किंग’ या २००० सालच्या अल्बमचे भरभरून कौतुक केलेस आणि त्या नावाचे गाणे क्लॅप्टनचेच असावे, असे बोलता बोलता म्हणालास. तेव्हा मी गप्प राहिलो, कारण दोन वाक्यांत ती दुरुस्ती करणे मला जिवावर आले. ते गाणे जॉन हायट या अमेरिकन गायक-गीतकाराचे आहे. त्याने ते १९८३ मध्ये याच नावाच्या स्वतःच्या अल्बममध्ये गायले होते आणि तेव्हा त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १७ वर्षांनी या दोघांनी ते उचलले आणि त्यांच्या अल्बमला ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतले संगीताचे मोठे पारितोषिक, मिळाले.

आपण लहानपणी आकाशवाणीवर भावगीते ऐकायचो, तेव्हा निवेदिका गीत कोणाचे, संगीत कोणाचे आणि स्वर कोणाचा हे तिन्ही सांगायची. त्यामुळे गायकाबरोबर कवीही आपल्या घरात पोहोचला. अमेरिकेतल्या रेडिओवर सहसा गाणाऱ्याचेच नाव ऐकू येते, आणि हायटच्या वाट्याला जी उपेक्षा आली तिचे एक कारण मला यात दिसते. १९७४ मध्ये ‘थ्री डॉग नाइट’ या बँडने त्याचे गाणे लोकप्रिय केले. १९८९ मध्ये बॉनी रेट हिने त्याचे ‘थिंग कॉल्ड लव्ह’ गायले आणि ते ज्या अल्बममध्ये होते त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. त्याच सुमारास जेफ हीली बँडने त्याचे ‘एंजल आइज’ अमेरिकेच्या पहिल्या पाच गाण्यांत नेले. लोकांच्या ओठांवर त्याचे शब्द होते, पण त्याचे नाव नव्हते.

हायटचा जन्म १९५२ मध्ये इंडियानापोलिस येथे झाला. बालपणीच थोरल्या भावाने जीवन संपवले आणि त्यानंतर थोड्याच काळात वडीलही गेले. अठराव्या वर्षी तो नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या शहरात आला आणि एका संगीत-प्रकाशन संस्थेसाठी आठवड्याला २५ डॉलरवर गाणी लिहू लागला. पुढच्या पंधरा-एक वर्षांत एकामागून एक तीन मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी त्याला घेतले आणि सोडून दिले. मधल्या काळात दारूने त्याचा ताबा घेतला होता. १९८४ च्या सुमारास तो त्यातून बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या पत्नीने आत्महत्या केली. पदरात तान्ही मुलगी होती.

हे सारे मी सांगतो आहे ते १९८७ च्या ‘ब्रिंग द फॅमिली’साठी. हा त्याचा आठवा अल्बम. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत अवघ्या चार दिवसांत तो ध्वनिमुद्रित झाला. गिटारवर राय कूडर, बेसवर निक लो आणि ड्रम्सवर जिम केल्टनर असे तिघे त्याच्याबरोबर बसले. रूट्स-रॉक म्हणजे ब्लूज, कंट्री आणि गॉस्पेल या अमेरिकन लोकसंगीताच्या जुन्या मुळांवर उभे असलेले रॉक, ही व्याख्या तुला ठाऊक आहे. पण ती मुळे मातीसकट पाहायची असतील, तर हा अल्बम ऐक. त्यातल्या ‘लिपस्टिक सनसेट’मध्ये कूडर स्लाइड गिटारवर, म्हणजे तारांवर नळी सरकवत, जी लांब मींड घेतो, तिच्यातच तुला पुढच्या एका घटनेची चाहूल लागेल: याच कूडरने नंतर पंडित विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेबरोबर, म्हणजे त्यांनी घडवलेल्या स्लाइड गिटारबरोबरच, वाजवले आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अल्बमला ग्रॅमी मिळाले. भट्टांची मोहनवीणा तू मन लावून ऐकली आहेस, म्हणून या दारातून तू हायटकडे सहज पोहोचशील असे मला वाटते.

त्याच अल्बममध्ये ‘हॅव अ लिटल फेथ इन मी’ आहे. तिथे तिन्ही साथीदार बाजूला होतात; फक्त पियानो आणि हायटचा आवाज उरतो. हा आवाज गोड नाही. तो घोगरा आहे, वरच्या पट्टीत चिरकतो, आणि ज्या जागी दुसरा गायक स्वर घोटून गुळगुळीत करील, त्या जागी हा माणूस तो तसाच खरखरीत सोडतो. हे गाणे कितीतरी जणांनी अधिक सफाईने गायले आहे, पण विश्वास ठेव असे विनवणाऱ्याचा स्वतःवरच पुरता विश्वास बसलेला नाही, हे मला फक्त त्याच्या गळ्यात ऐकू येते.

पुढच्याच वर्षी ‘स्लो टर्निंग’ आला. त्यातले ‘फील्स लाइक रेन’ पुढे बडी गाय या ब्लूज गायकाने गायले आणि आपल्या अल्बमला त्याचेच नाव दिले. दमट उकाड्यात नदी समुद्राला मिळते त्या जागी पावसाची वाट पाहणारे ते गाणे जूनच्या पहिल्या आठवड्यात ऐकावे, असा माझा आग्रह आहे.

मला मात्र सर्वांत जवळचा वाटतो तो २००० मधला ‘क्रॉसिंग मडी वॉटर्स’. किंग आणि क्लॅप्टन ज्या वर्षी त्याचे गाणे घेऊन जगभर पोहोचले, त्याच वर्षी हायट ड्रम्सशिवाय, मॅंडोलिन आणि अकूस्टिक गिटार घेऊन हा साधा अल्बम करत होता. शीर्षकगीतातली स्त्री लहानगी मुलगी मागे ठेवून गढूळ पाण्यापलीकडे निघून जाते आणि नवरा काठावर राहतो. हे पत्नी गेल्याच्या त्याच्या दुःखाचेच गाणे आहे असा दावा मी करणार नाही. पण १९८५ मधली ती तान्ही मुलगी मनात ठेवून ते ऐकताना प्रत्येक वेळी माझा कंठ दाटून येतो. ती मुलगी, लिली हायट, आज स्वतः गाणी लिहिते आणि गाते.

दिवाळीत तू येशील तेव्हा आपण आधी १९८३ चे मूळ ‘रायडिंग विथ द किंग’ लावू आणि मग किंग-क्लॅप्टनचे. त्यानंतरही तुला क्लॅप्टनचेच आवडले तर मी वाद घालणार नाही, फक्त दोन्ही शेवटपर्यंत ऐक. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनिरुद्ध