मिरजेच्या चाचांना, ऑर्गनबद्दल

चाचा, सलाम.

५ नोव्हेंबरला विष्णुदास भावे नाट्यमंदिरात नांदीपासून भैरवीपर्यंत तुम्ही दुरुस्त केलेला ऑर्गन एकदाही अडला नाही. १८४३ साली याच तारखेला भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा ऑर्गन नव्हताच. सूत्रधार उभा राहून गायचा. आता मात्र संगीत नाटकाला आलेला सांगलीकर पडदा उघडायच्या आधी ऑर्गन ऐकतो आणि निम्मा निकाल तिथंच देऊन टाकतो. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला तो निकाल सांभाळावा लागतो.

तुमच्याआधी ज्यांच्याकडं ऑर्गन दुरुस्तीला दिला होता, त्यांनी पाच महिने ठेवून घेतला आणि भात्याच्या घड्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे पांढऱ्या गोंदानं डकवून परत केला. घडीवर रबर ताठ राहतं, मग शेजारचं कापड फाटतं. शिवाय तो गोंद काढायला गेलं की लाकडाची सालपटं घेऊनच निघतो. वर पैसे रोख. असो.

हार्मोनियमचा भाता हवा बाहेर ढकलतो, ऑर्गनचा आत ओढतो, त्यामुळं गळती सहज सापडत नाही. तुम्ही उदबत्ती पेटवून एकेका घडीजवळून सावकाश फिरवलीत. सरळ वर जाणारा धूर तीन ठिकाणी आत वळला. फाटलं होतं ते तिथंच. नवं कापड तुम्ही सरसानंच लावलंत. उद्या कुणाला काढावं लागलं तर गरम पाण्याचं फडकं ठेवलं की सुटतं.

६१ पट्ट्या, प्रत्येकीला दोन, असे १२२ रीड, म्हणजे हवेनं थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या जिभा, तुम्ही हुकानं ओढून क्रमानं वर्तमानपत्रावर मांडलेत. मुके म्हणून भंगारात काढायला सांगितलेले सात सूर नुसत्या कचऱ्यानं अडले होते. जीभ आणि चौकट यांच्या फटीत केसाएवढा कण बसला तरी रीड बोलत नाही. बेसूर झालेल्यांच्या जिभेखाली पातळ पत्रा सरकवून तुम्ही खरवडलंत: टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. आधीच्यांनी कानशीनं मुळाशी खाल्लेले चार मात्र वाचले नाहीत. पट्ट्यांखालच्या, हवेची वाट बंद करणाऱ्या गाद्यांचं कडक झालेलं कातडंही बदललंत, म्हणून आता पट्टी सोडल्यावर सूर मागं रेंगाळत नाही. आणि शेवटचं जुळवणं दुकानात न करता नाट्यमंदिरात येऊन, दिवे तासभर तापल्यावर केलंत.

पण हे पत्र त्यासाठी नाही. पट्ट्यांची फळी परत बसवण्याआधी तुम्ही कानामागची पेन्सिल काढलीत. आतल्या लाकडावर कुण्या जुन्या कारागिरानं लिहिलेली पुसट ओळ होती, ती न पुसता तिच्याखाली लिहिलंत: तारीख, कुठले चार रीड बदलले, कापड सरसानं लावलंय. आणि एक ओळ, ‘मंद्र धैवत पातळ आहे, जपून,’ म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘ध’चा रीड. स्वतःचं नाव नाही. ती जागा कुणी बघणार नाही, बघेल तो पुढचा दुरुस्त करणारा, आणि त्याला सोपं जावं म्हणून तुम्ही स्वतःच्या कामातली उणी बाजूही लिहून ठेवलीत. रबर चिकटवणाऱ्यांनी वरच्या झाकणावर फोन नंबरचं स्टिकर लावलं होतं. ते काढताना पॉलिशही निघालं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणं कसरीसाठी डांबरगोळ्या मलमलच्या पुरचुंडीत बांधून आत ठेवल्यात, कातड्याला लागू दिलेल्या नाहीत. पॅडलच्या पट्ट्याला शंखजिरं चोळलंय, करकर थांबली. तालीम नसली तरी रोज पाच मिनिटं कुणीतरी पाय मारतं. मंद्र धैवत आमची मुलं अजून घाबरतच दाबतात.

आपली,
नाटकाची मंडळी, सांगली